जास्तीची रेघ

"आई, माझी रेघ तू पुसली नाहीस!" लेक इतक्या खुशीत म्हणाली की बाईंना वाटलं, चला, आज एक तरी काम आपल्या हातून धड झालं.

दुपारचे तीन वाजून अडतीस मिनिटं झाली होती. बाई बसची बराच वेळ वाट बघून नुकत्याच ड्यूटीवरून घरी आल्या होत्या. पर्स खुर्चीवर टाकून स्वयंपाकघरातल्या नळाखाली तोंड धूत होत्या. लेक टेबलाशी बसून कॅल्क्युलेटर उघडून बघत होती. हा बेरीज-वजाबाकीचा साधा कॅल्क्युलेटर नव्हे बरं का. याला चांगला तळहाताएवढा पडदा होता, आणि समीकरण दिलं की हा पडद्यावर त्याची रेघ काढून दाखवायचा. शाळेने वर्षभरापुरता दिलेला, उद्याच्या परीक्षेला नेता येणारा. काल त्याचे सेल संपले म्हणून बाई सकाळी तो कामावर घेऊन गेल्या होत्या. दवाखान्याच्या फाटकाशी दुकान आहे, तिथून नवे सेल घालून आणला होता.

"मी कशाला पुसू?" बाई ओल्या तोंडानेच म्हणाल्या. "तुझा अभ्यास आहे तो. मी माझ्या दोन ओळी पहिल्या आणि तिसऱ्या जागी लिहिल्या. दुसऱ्या जागची तुझी तशीच ठेवली."

"शहाणी आहेस. मग छेद काढताना बाण दाबून तिसरी निवडलीस ना?"

"कसला बाण?"

"अगं, तो विचारतो ना, पहिली रेघ कुठली, दुसरी कुठली, छेद अंदाजे कुठे? नुसतं एंटर, एंटर, एंटर केलंस तर तो आपला वरच्या दोन धरतो. म्हणजे तुझी एक आणि माझी एक."

बाईंनी नळ बंद केला नाही. पाणी वाहत राहिलं.

"तूच तर शिकवलंस," त्या म्हणाल्या. "तीनदा एंटर दाब म्हणून."

"तेव्हा दोनच रेघा होत्या, आई."

काळजात धस्स होणं म्हणजे काय ते बाईंना त्या क्षणी कळलं. त्यांनी ओट्याची कड धरली.

आता बाई कोण, ते सांगायला हवं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात औषधं मिसळायची एक खोली आहे. काचेच्या दोन दारांआड, टोपी-मास्क-हातमोजे घालून जायची. आजारी माणसाच्या शिरेतून जे काही जायचं, ते तिथे मोजूनमापून पिशवीत भरलं जातं. बाई त्या खोलीच्या मुख्य. एकवीस वर्षं. तोंडावर सगळे त्यांना बाई म्हणत आणि पाठीमागे तोफ. हे बाईंना माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. तोफ असली की काम पटापट होतं, असं त्यांचं ठाम मत.

आज सकाळी अठरा पिशव्या बिनबोभाट झाल्या. एकोणिसावी राहिली आणि कॉम्प्युटरने मान टाकली. एरवी डॉक्टरांचा कागद आला की आकडे कॉम्प्युटरच काढतो. ही पिशवी होती तिसऱ्या मजल्यावरच्या, सात नंबरच्या काचेच्या ऊबपेटीतल्या बाळाची. दिवस भरायच्या महिनाभर आधी जन्मलेलं, पावणेदोन किलोचं. त्याला दिवसाला दोनशे चाळीस मिली पाणी आणि त्यात तीस ग्रॅम साखर हवी होती. खोलीत बाटल्या दोन. एक पन्नासची, म्हणजे शंभर मिलीत पन्नास ग्रॅम साखर. दुसरी दहाची. कुठल्या बाटलीतलं किती घ्यायचं?

बाई हसल्या होत्या. हात्तिच्या! हे तर लेकीचंच गणित. महिनाभर रोज संध्याकाळी तिच्याबरोबर बसून त्या हेच तर करत होत्या. दोन बाटल्या म्हणजे दोन अज्ञात. दोन्ही मिळून दोनशे चाळीस, ही पहिली ओळ. दोन्हींतली साखर मिळून तीस, ही दुसरी ओळ. दोन रेघा काढायच्या, जिथे एकमेकींना छेदतील तिथे उत्तर. त्यांनी पर्समधून कॅल्क्युलेटर काढला, स्पिरिटने पुसला आणि ओळी भरल्या. दुसऱ्या जागी लेकीचं कसलंसं गणित होतं. टाकीत आधीच पंचाहत्तर लिटर पाणी, मिनिटाला दोन लिटर भरतंय, असलं काहीतरी. पोरीचा अभ्यास कशाला पुसा? पडद्यावर तीन रेघा आल्या. एक जास्तीची आहे, असू दे बिचारी, आपलं काय खाते? आणि त्यांनी दाबलं एंटर, एंटर, एंटर.

पंचावन्न आणि एकशे पंच्याऐंशी.

त्यांनी बेरीज केली होती. दोनशे चाळीस. बरोबर.

"दाखव," बाई आता लेकीला म्हणाल्या. "तू म्हणतेस तसं करून दाखव. तिसरी निवडून."

लेकीने एंटर केलं, मग बाण दाबला. पडद्यावरचा ठिपका एका रेघेवरून दुसरीवर उडी मारून गेला. एंटर. एंटर.

पंधरा आणि दोनशे पंचवीस.

याचीही बेरीज दोनशे चाळीसच. बेरीज दोन्हीकडे बरोबरच येणार होती, कारण बेरजेची रेघ दोन्हीकडे होती. साखरेची रेघ मात्र एकीकडेच. पंचावन्न मिली पन्नासचं म्हणजे साडेसत्तावीस ग्रॅम, वर दहाच्या बाटलीतली साडेअठरा. सेहेचाळीस ग्रॅम! तीसच्या जागी सेहेचाळीस. बाळाच्या पिशवीत साखर नव्हे, टाकीत भरणारं पाणी मिसळलं होतं त्यांनी.

"आई, काय झालं? आई, बोल ना."

"किती वाजले?"

"पावणेचार. म्हणजे एक-दोन मिनिटं कमी."

चार वाजता पिशवी लावायची होती. लेबलवर बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं ते, ठसठशीत अक्षरात.

त्यांनी वॉर्डाला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. मिसळायच्या खोलीचा फोन लावला, तो वाजत राहिला. खोली साडेतीनला बंद होते, उचलणार कोण? दवाखान्याच्या मुख्य नंबरावर एक गोड आवाज म्हणाला की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग वाद्यं वाजू लागली. बाईंच्या तोंडून अशी एक शिवी गेली की लेक बघतच राहिली.

"गोगलगायीला लावते," बाई स्वतःशी म्हणाल्या, आणि थांबल्या. गोगलगाय म्हणजे खोलीतली त्यांची जोडीदारीण, आठ महिन्यांपूर्वी बदलून आलेली, चाळिशीची, हळू बोलणारी, हळू चालणारी. नाव बाईंनीच ठेवलेलं. आठ महिने एका टेबलावर काम केलं, पण तिचा नंबर घ्यावा असं बाईंना एकदाही वाटलं नव्हतं.

"तू फोन लावत राहा," त्यांनी लेकीला सांगितलं. "वॉर्डाचा. थांबू नकोस. लागला की एकच सांग, सात नंबरची पिशवी लावू नका. लावली असेल तर काढा. सात नंबर. म्हण बघू."

"सात नंबर. लावू नका, लावली असेल तर काढा." लेकीने फोन लावता लावता मान वर केली. "आई, माझ्या रेघेमुळे झालं का गं?"

"नाही गं राणी. तुझी रेघ तुझ्या जागी होती," बाई म्हणाल्या आणि घरातल्या सपाता घालूनच जिना उतरल्या.

दवाखाना पायी पंधरा मिनिटांवर. बसस्टॉपवर माणसं उभी होती आणि बस कुठे दिसत नव्हती. बाई धावल्या. वय वर्षं बावन्न, गुडघा दुखरा, अंगात घरात काढून ठेवायचं राहिलेलं कामाचं जाकीट. रस्ता नेमका पाइपासाठी खणलेला, एका बाजूला मातीचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी कठडे, मधून एका वेळी एकच माणूस जाईल एवढी वाट. पुढे एक आजोबा काठी टेकत चालले होते.

"आजोबा, सरका, सरका हो!"

"अहो, हळू," आजोबा शांतपणे म्हणाले. "पडाल."

बाईंना रडू फुटायचंच बाकी होतं. सकाळपासून हा शब्द त्या दुसऱ्यांदा ऐकत होत्या. 'हळू बघते हं, बाई,' गोगलगाय म्हणाली होती. नियमच होता तो. पिशवी एकाने करायची, दुसऱ्याने स्वतःच्या कागदावर, स्वतःच्या डोक्याने ते गणित पुन्हा मांडायचं, आणि दोघांचं जुळलं तरच दोघांनी सही करायची. गोगलगायीने खिशातून पेन्सिल काढली होती, कागदाचा कपटा सरळ केला होता, वर वेळ घातली होती. ती प्रत्येक कागदावर वेळ घालायची. आणि बाईंना घाई होती. तीनला निघायचं होतं, लेकीची उद्या परीक्षा.

"अगं, पंचावन्न आणि एकशे पंच्याऐंशी किती?"

"दोनशे चाळीस."

"मग झालं की! सही कर. तू हिशेब करेपर्यंत ते बाळ शाळेत जाईल."

खोलीतल्या आणखी दोघी मास्कआड खो-खो हसल्या होत्या. गोगलगायीने पेन्सिल खिशात ठेवली होती, पेन काढलं होतं आणि सही केली होती.

आता धावता धावता बाईंना तो विनोद आठवला. ते बाळ शाळेत जाईल. जाईल ना? देवा, जाईल ना?

त्यांना नको तेवढं माहीत होतं, हीच पंचाईत. ज्याला माहीत नसतं त्याची भीती निदान धूसर असते. बाईंना माहीत होतं की एवढ्याशा शिरेतून इतकी साखर गेली की शीर आतून भाजते. हात आधी लाल होतो, मग सुजतो, मग कातडी काळी पडते. पावणेदोन किलोच्या बाळाचा हात केवढा असतो? बाईंच्या अंगठ्याएवढा. आणि मेंदूचं काय होतं तेही माहीत होतं. त्याच्यावर त्यांनी दर वर्षी नव्या मुलींना तासभर शिकवलं होतं, फळ्यावर लिहून, 'चूक करणाऱ्याला इथे थारा नाही' असं ठणकावून.

चौकात सिग्नल लाल होता. शाळा सुटली होती. शेकडो पोरं दप्तरं घेऊन रस्ता ओलांडत होती, खिदळत होती, एकमेकांना ढकलत होती. बाई मध्येच उभ्या राहिल्या. प्रत्येक पोराच्या मनगटाकडे त्यांची नजर जात होती. फोन वाजला.

"आई, अजून एंगेज आहे. मुख्य नंबरवरच्या बाई म्हणतात भेटीची वेळ आहे, लाइन मोकळी नाही. मी त्यांच्यावर ओरडले."

"ओरड. आणखी ओरड. किती वाजले?"

"तीन चोपन्न."

फाटकातून आत शिरताना पहारेकरी म्हणाला, "बाई, काही विसरलात वाटतं?" बाईंनी उत्तर दिलं नाही. लिफ्टसमोर खुर्चीतले रुग्ण आणि त्यांची माणसं, ही रांग. त्या जिन्याकडे वळल्या. पहिला मजला. दुसरा. दुसऱ्याच्या वळणावर एक सपात निसटली आणि खाली गेली. तिच्या मागे कोण जातंय? तिसऱ्यावर पोचल्या तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि कानांत स्वतःच्याच रक्ताची ढमढम ऐकू येत होती. बाहेरच्या बाकावर कुणीतरी बसलं होतं, ते उठून उभं राहिलं, काहीतरी म्हणालं. बाई त्या व्यक्तीला ओलांडून आत गेल्या.

वॉर्डाच्या दोन दारांच्या मधे हात धुवायची मोरी होती. कोपरापर्यंत, साबणाने, पूर्ण एक मिनिट, हा इथला नियम. तोही बाईंनीच मजल्यामजल्यावर लावलेला. घड्याळात चार वाजून दोन मिनिटं. बाईंनी हात धुतले नाहीत. आतलं दार खांद्याने ढकललं आणि गळ्यात होता नव्हता तेवढा जोर काढून ओरडल्या, "सात नंबर! सात नंबरची पिशवी थांबवा!"

वॉर्डात कुजबुजीपेक्षा मोठ्याने कुणी बोलत नाही. चार-पाच बाळं एकदम रडायला लागली. भिंतीपाशी, सात नंबरच्या पेटीशेजारी, जाडजूड सिस्टर उभी होती. स्टँडवर पिशवी टांगलेली होती. तिची नळी भरलेली होती, टोकाशी एक थेंब लोंबत होता आणि ते टोक सिस्टरच्या हातात होतं.

"लावली?" बाई पुढे झाल्या. "लावलीत का?"

"कुठची लावतेय!" सिस्टर म्हणाली. "बाळ आईकडे आहे ना. चारला घ्यायला गेले तर म्हणाली, सिस्टर, अजून पाच मिनिटं. मी म्हटलं पाच नाही, तीन. जुनीच चालू आहे अजून. बाई, पण तुमचा हा एक पाय अनवाणी कसा?"

खिडकीशी खुर्चीत एक मुलगी बसली होती. मुलगीच ती, विशी-बाविशीची, केस विस्कटलेले. तिच्या उघड्या छातीवर, टॉवेलखाली, मुठीएवढं डोकं दिसत होतं. ती बाईंकडे घाबरून बघत होती आणि बाळाला आणखी घट्ट धरत होती, जणू ही आरडाओरडा करणारी बाई ते हिसकावून न्यायलाच आली होती.

"घे," बाई तिला म्हणाल्या. "हवा तेवढा वेळ घे, बाळा. पाच मिनिटं काय, पंधरा घे."

मग त्यांनी स्टँडवरची पिशवी उतरवली आणि पोटाशी धरली. सिस्टरला त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, आडपडदा न ठेवता. साखर चुकली आहे, दीडपटीच्या वर आहे, चूक माझी आहे, डॉक्टरांना बोलवा, नवी पिशवी मी तासाभरात देते, तोवर जुनीच चालू दे. सिस्टरने एकदा पिशवीकडे बघितलं, एकदा हातातल्या नळीच्या टोकाकडे, आणि ते टोक तिने असं खाली ठेवलं जसं काही ते चावणार होतं.

बाहेर आल्यावर बाईंना पहिल्यांदा धड श्वास घेता आला. बाकावरची व्यक्ती अजून उभीच होती.

गोगलगाय.

"तू?" बाई म्हणाल्या. "तुझी ड्यूटी तर साडेतीनला संपली. तू इथे काय करतेस?"

गोगलगाय पांढरीफटक पडली होती. तिने मूठ उघडली. मुठीत कागदाचा कपटा होता, घामाने ओला, घड्या पडून पडून कापडासारखा मऊ झालेला. बाईंनी तो उलगडला. पेन्सिलचं बारीक, सुबक अक्षर. वर वेळ घातलेली होती, आधीची खोडून नवी. बारा वाजून दहा मिनिटं. खाली दोन ओळी मांडून, एकीतून दुसरी वजा करून, उत्तर. पंधरा, दोनशे पंचवीस. त्याखाली तेच गणित दुसऱ्या रीतीने. पंधरा, दोनशे पंचवीस. पाठीमागे तिसऱ्यांदा, आणि त्याच्याभोवती पेन्सिलने इतक्यांदा गोल काढला होता की कागद फाटायला आला होता.

बाईंनी वेळेकडे पुन्हा बघितलं. बारा दहा. पिशवी वर गेली होती एक वाजता.

"तुला माहीत होतं," बाई म्हणाल्या. "बारा वाजल्यापासून तुला माहीत होतं?"

"सही केली खरी, पण जिवाला चैन पडेना," गोगलगाय म्हणाली. "म्हणून जेवायच्या सुट्टीत करून बघितलं. मला वाटलं माझंच चुकलं असेल. तुमचं कधी चुकत नाही. म्हणून पुन्हा केलं."

"अगं, मग मला सांगायचं नाही का? मी तीन वाजेपर्यंत तुझ्या शेजारी बसले होते! हाताच्या अंतरावर!"

बाईंचा आवाज चढला होता, नेहमीसारखा. त्यांनी बघितलं, त्या आवाजासरशी गोगलगाय पाऊलभर मागे सरली आणि तिची पाठ भिंतीला टेकली.

"दोनदा तोंड उघडलं होतं," ती म्हणाली. "पण गेल्या महिन्यात मी एक पिशवी अडवली होती, आठवतं? ती बरोबर निघाली. तुम्ही मला सगळ्यांसमोर उभं केलंत. म्हणालात, शंका काढायला डोकं लागतं. मग आज... मला वाटलं, तुम्ही पुन्हा म्हणाल, बाळ शाळेत जाईल." तिने नाक पुसलं. "इथे सव्वातीनला आले, ड्यूटी टाकून. सिस्टरना सांगू म्हटलं. दारात हात तीनदा धुतले. पण पिशवी परत मागवायचा हक्क तुमचाच. माझं चुकलं असतं तर? आत पाऊलच टाकवेना, बाई. मी इथे बसून घड्याळाकडे बघत होते. चार वाजले तरी मी बसलेच होते."

ती रडायला लागली, आवाज न करता, तोंडावर हात धरून.

घरापासून इथवर बाईंना वाटत होतं की आज त्यांच्याएवढं कुणी घाबरलं नसेल. आणि ही बाई चार तास घाबरून बसली होती. कुणाला? बाळाच्या जिवासाठी तर खरंच, पण त्याहून जास्त कुणाला? मघाच्या धावण्यात जी भीती वाटली होती ती याच्यापुढे काहीच नव्हती. जास्तीची रेघ कॅल्क्युलेटरात होती हे खरं, पण ती या कागदाने बारा वाजून दहा मिनिटांनीच पकडली होती. बाळ वाचलं ते आईने पाच मिनिटं जास्त मागितली म्हणून. बाकी सगळं बाईंनी स्वतःच्या तोंडाने बंद करून ठेवलं होतं.

फोन वाजला. "आई? पोचलीस का गं वेळेत?"

"पोचले," बाई म्हणाल्या. "बाळ ठीक आहे. तू अभ्यास कर. आणि ऐक, उद्या पेपर लिहिताना घाई करू नकोस."

नवी पिशवी करायला दोघी खाली गेल्या. खोली उघडली, हात धुतले, पूर्ण मिनिटभर. टोपी, मास्क, हातमोजे. बाईंनी उचललेली सिरिंज गोगलगायीपुढे ठेवली.

"तू भर," त्या म्हणाल्या. "मी तपासते."

"आधी गणित पुन्हा करते," गोगलगाय म्हणाली आणि बाईंकडे चोरून बघितलं.

"कर."

तिने नवा कागद घेतला, वेळ घातली, ओळी मांडल्या. बाईंनीही वेगळा कागद घेतला आणि तिच्याकडे पाठ करून बसल्या. कितीतरी वर्षांनी त्या पेन्सिलने गणित करत होत्या, हातचा धरायला विसरत होत्या, खोडत होत्या. गोगलगायीचं आधी झालं. तिने पेन्सिल खाली ठेवून वाट बघितली. दोन्ही कागद शेजारी ठेवले. पंधरा, दोनशे पंचवीस.

पिशवी वर पाठवल्यावर चूक नोंदवायचा फॉर्म भरायचा होता. बाईंनी आजवर तो शेकड्यांनी भरून घेतला होता, इतरांकडून. चूक कोणाची, इथे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. चूक कशी झाली, इथे कॅल्क्युलेटर, जास्तीची रेघ, तीनदा एंटर, सगळं लिहिलं. शेवटचा रकाना होता, दुसऱ्या तपासणीत ती का सापडली नाही.

बाईंनी तिथे लिहिलं, 'सापडली नाही, धुडकावली गेली.' मग त्यांना ते पुरेसं वाटलं नाही. त्यांनी ते खोडलं आणि लिहिलं, 'सापडली होती. तपासणारीला माझी भीती वाटली, म्हणून ती बोलली नाही.'

खाली दोघींच्या सह्यांची जागा होती. त्यांनी आपली सही केली आणि फॉर्म टेबलावरून पलीकडे सरकवला. गोगलगायीने वाचायच्या आधीच, सवयीने, पेन उचललं.

"थांब," बाई म्हणाल्या. "आधी वाच. सावकाश वाच. पटलं तरच सही कर."

गोगलगायीने पेन खाली ठेवलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. एकेका शब्दाखाली बोट ठेवून. फार वेळ लागला. बाई समोर एका पायात सपात घालून बसून राहिल्या.